जॉन कॅल्विन: २३ वर्षं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा लिहिणारा धर्मसुधारक, ज्याला लोक आजही रोज चार पानं वाचतात

वयाच्या २६व्या वर्षी एका फ्रेंच तरुणाचं एक लहानसं पुस्तक बाझल शहरात छापून आलं. त्यात सहा प्रकरणं होती. खिशात लपवून नेता येईल एवढाच त्याचा आकार होता. तो तरुण पन्नाशीला पोचला तोवर त्याच पुस्तकाची ८० प्रकरणं झाली होती. मधल्या काळात त्याचा देश सुटला, एका शहरानं त्याला हाकलून दिलं आणि मग परत बोलावलं. त्याचं लग्न झालं, मूल गेलं, बायको गेली. त्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्या एका माणसाला जिवंत जाळण्यात आलं आणि त्यात त्याचाही हात होता.

तो तरुण म्हणजे जॉन कॅल्विन. पुस्तकाचं नाव 'इन्स्टिट्यूट्स ऑफ द ख्रिश्चन रिलिजन', म्हणजे ख्रिस्ती धर्माची पायाभूत शिकवण. प्रॉटेस्टंट पंथाच्या 'रिफॉर्म्ड' परंपरेचा हा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ मानला जातो.

इंग्रजी भाषांतरात हा ग्रंथ साधारण दीड हजार पानांचा आहे. एका बैठकीत वाचण्याचं हे पुस्तक नाही. म्हणून तो रोज थोडा थोडा वाचण्याची पद्धत पडली आहे. २००९ मध्ये कॅल्विन यांच्या जन्माला ५०० वर्षं झाली. त्या वर्षी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरीनं संपूर्ण ग्रंथ वर्षभरात वाचण्याचा उपक्रम चालवला होता. रोजचा हिशेब साधारण चार पानांचा पडतो.

पण साडेचारशे वर्षांपूर्वीचं धर्मशास्त्र इतक्या सावकाश वाचून काय हाती लागतं? हे समजून घ्यायचं तर पुस्तक आणि माणूस दोघांची गोष्ट एकत्रच बघावी लागते.

पाद्री व्हायचं होतं, वकिली शिकले

कॅल्विन यांचा जन्म १० जुलै १५०९ रोजी उत्तर फ्रान्समधल्या नुआयाँ गावी झाला. त्यांचे वडील जेरार हे तिथल्या कॅथेड्रलच्या कागदपत्रांचं आणि कायदेशीर कामकाज बघायचे. आई लहानपणीच वारली. वडिलांच्या ओळखीमुळे वयाच्या बाराव्या वर्षीच कॅल्विन यांना चर्चच्या उत्पन्नातला एक वाटा मिळू लागला. त्यावर त्यांचं शिक्षण झालं. मुलगा पाद्री होणार, असं तेव्हा ठरलेलंच होतं.

त्यासाठी ते पॅरिसला गेले. पण पुढे वडिलांचं कॅथेड्रलच्या मंडळींशी बिनसलं आणि त्यांनी मुलाला धर्मशास्त्र सोडून कायदा शिकायला लावलं. ऑर्लेआँ आणि बूर्ज इथे कॅल्विन कायदा शिकले. एखाद्या मुद्द्याची बाजू मांडायची, समोरच्याचे आक्षेप एकेक करून घ्यायचे आणि उत्तरं द्यायची, ही वकिली सवय त्यांच्या लेखनात शेवटपर्यंत दिसते.

१५३१ मध्ये वडील वारले. पुढच्याच वर्षी कॅल्विन यांनी पहिलं पुस्तक काढलं. प्राचीन रोमन विचारवंत सेनेका यांच्या दयेवरच्या ग्रंथाचं ते भाष्य होतं. पदरचे पैसे घालून छापलेलं हे पुस्तक फारसं खपलं नाही. विद्वान म्हणून नाव कमवायचा हा प्रयत्न फसला.

पळून जाण्याची वेळ का आली?

१५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन लुथर यांनी रोमच्या कॅथलिक चर्चला आव्हान दिलं होतं. ते विचार फ्रान्समध्येही झिरपत होते. १ नोव्हेंबर १५३३ रोजी पॅरिस विद्यापीठाचे नवे रेक्टर निकोलस कॉप यांनी भाषण केलं. त्यात सुधारणावादी विचारांचा सूर होता. गदारोळ झाला. कॉप हे कॅल्विन यांचे मित्र. त्या भाषणामागे कॅल्विन असल्याचा संशय होता. दोघांनाही पॅरिस सोडावं लागलं.

पुढच्या वर्षी कॅल्विन यांनी चर्चकडून मिळणारं उत्पन्न सोडून दिलं. ऑक्टोबर १५३४ मध्ये पॅरिस आणि इतर शहरांत रातोरात कॅथलिक उपासनेविरोधात पत्रकं लागली. राजा फ्रान्सिस पहिला खवळला. धरपकड सुरू झाली, लोकांना जाळण्यात आलं. कॅल्विन स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात निघून गेले.

याच बाझलमध्ये मार्च १५३६ मध्ये 'इन्स्टिट्यूट्स'ची पहिली आवृत्ती आली. भाषा लॅटिन होती. दहा आज्ञा, विश्वासाचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन असे विषय त्यात होते. ख्रिस्ती माणसाला धर्माची मूळ ओळख करून देणारं हे हातपुस्तक होतं.

पण त्याचं आणखी एक काम होतं. पुस्तकाच्या सुरुवातीला राजा फ्रान्सिसला उद्देशून लिहिलेलं लांबलचक पत्र आहे. ज्यांना राजद्रोही ठरवून मारलं जातंय ते लोक बंडखोर नाहीत, त्यांची श्रद्धा काय आहे ते आधी तपासून बघा, असा त्याचा आशय. १५४७ मध्ये राजा वारला, तरी कॅल्विन यांनी हे पत्र पुढच्या कोणत्याही आवृत्तीतून काढलं नाही. आजही वर्षभराचं वाचन हाती घेणाऱ्याला पहिल्या काही दिवसांत हे पत्रच भेटतं. दीड हजार पानांच्या धर्मशास्त्राची सुरुवात छळ सोसणाऱ्या माणसांच्या बचावानं होते, ही गोष्ट पुढे कामी येते. ती लक्षात ठेवा.

जिनिव्हात एका रात्रीचा मुक्काम

१५३६ च्या उन्हाळ्यात कॅल्विन स्ट्रासबर्गला निघाले होते. युद्धामुळे सरळ रस्ता बंद होता, म्हणून वळसा घालून ते जिनिव्हाला आले. एक रात्र काढून पुढे जायचा बेत होता. त्या शहरानं नुकताच प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला होता. तिथले सुधारक गियोम फारेल यांना पुस्तकाचा लेखक गावात आल्याचं कळलं. त्यांनी कॅल्विन यांना गाठून मदतीसाठी थांबायची गळ घातली. नकार ऐकल्यावर देवाच्या शापाची भीतीही घातली. निवांत अभ्यास करायची इच्छा असलेले कॅल्विन थांबले.

दोन वर्षांतच त्यांचं नगरपरिषदेशी वाजलं. चर्चची शिस्त कोणी ठरवायची, चर्चनं की परिषदेनं, हा वादाचा मुद्दा होता. एप्रिल १५३८ मध्ये दोघांनाही शहराबाहेर काढण्यात आलं.

त्यानंतरची तीन वर्षं कॅल्विन स्ट्रासबर्गमध्ये होते. फ्रान्समधून पळून आलेल्या लोकांच्या मंडळीचे ते पाळक झाले. पैशांची कायम ओढाताण होती. पण इथेच पुस्तक खऱ्या अर्थानं वाढलं. १५३९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सहाची सतरा प्रकरणं झाली. १५४१ मध्ये त्यांनी स्वतःच ते फ्रेंचमध्ये आणलं. लॅटिन न येणाऱ्या साध्या वाचकाला ते आता वाचता येणार होतं. फ्रान्समध्ये त्यावर बंदी आली आणि १५४४ मध्ये पॅरिसमध्ये प्रती जाळण्यात आल्या.

पुस्तकाचा हेतूही याच काळात पक्का झाला. बायबल वाचायला निघालेल्या माणसाला वाट दाखवणारा ग्रंथ, असं त्याचं रूप ठरलं. मोठे सैद्धांतिक मुद्दे इथे एकदा मांडून ठेवायचे, म्हणजे बायबलच्या एकेका पुस्तकावरची भाष्यं आटोपशीर ठेवता येतील, अशी ही योजना होती.

जिथे थांबले होते, त्याच ओळीपासून

जिनिव्हानं कॅल्विन यांना परत बोलावलं आणि सप्टेंबर १५४१ मध्ये ते तिथे परतले. अपमान करून हाकललेला माणूस परत आल्यावर पहिल्या प्रवचनात काय बोलणार, याची उत्सुकता असणारच. पण कॅल्विन यांनी जुना विषय काढलाच नाही. तीन वर्षांपूर्वी बायबलच्या ज्या ओळीपाशी ते थांबले होते, तिच्या पुढच्या ओळीपासून त्यांनी प्रवचन सुरू केलं.

कॅल्विन कसे वाचायचे, हे यावरून कळतं. सोयीचा उतारा निवडायचा नाही, पुस्तक हाती घेतलं की ओळीमागून ओळ शेवटपर्यंत जायचं. पुढे त्यांनी जुन्या करारातल्या ईयोबाच्या पुस्तकावर १५९ आणि अनुवादावर २०० प्रवचनं दिली. दर दुसऱ्या आठवड्यात ते रोज प्रवचन द्यायचे. १५४९ पासून त्यांची प्रवचनं उतरवून घेण्यासाठी निर्वासितांनी लघुलेखक नेमला होता.

म्हणजे रोज थोडं, क्रमानं आणि न गाळता वाचणं ही आजच्या वाचकांनी शोधलेली युक्ती नाही. लेखकाचीच ती पद्धत होती. त्यांच्या जिनिव्हात साधे कारागीर आणि दुकानदारही बायबल याच क्रमानं ऐकत होते.

घरातली दुःखं आणि पुस्तकातली पानं

१५४० मध्ये स्ट्रासबर्गमध्ये कॅल्विन यांनी इडलेट द ब्यूर यांच्याशी लग्न केलं. त्या विधवा होत्या आणि त्यांना आधीची दोन मुलं होती. १५४२ मध्ये या दांपत्याला मुलगा झाला, पण तो जगला नाही. १५४९ मध्ये इडलेटही गेल्या. कॅल्विन यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

'इन्स्टिट्यूट्स'मध्ये लेखक स्वतःच्या घराबद्दल बोलत नाही. पण तिसऱ्या भागात दुःख सोसण्याबद्दलचं एक प्रकरण आहे. त्याचा गाभा स्ट्रासबर्गच्या दिवसांतला, म्हणजे हे आघात होण्याआधीचा. दुःख जाणवूच द्यायचं नाही, दगडासारखं व्हायचं, ही प्राचीन स्टोइक पंथाची शिकवण कॅल्विन तिथे नाकारतात. येशूही रडला होता, मग रडणं हा विश्वासाचा अभाव कसा, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ज्या सेनेकावर त्यांनी तरुणपणी पुस्तक लिहिलं होतं, तो याच स्टोइक पंथाचा होता. पुढे घरात एकामागून एक मृत्यू झाले आणि पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या, तरी हे म्हणणं त्यांनी बदललं नाही.

सर्व्हेटस प्रकरण काय होतं?

कॅल्विन यांच्या आयुष्यातलं सर्वांत काळं पान १५५३ सालचं आहे.

मायकेल सर्व्हेटस हे स्पॅनिश वैद्य. हृदयातलं रक्त फुप्फुसांतून फिरून परत येतं, याचं वर्णन युरोपात पहिल्यांदा छापणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याची पारंपरिक शिकवण त्यांना मान्य नव्हती. त्यांचा कॅल्विन यांच्याशी पत्रव्यवहार होता. कॅल्विन यांनी त्यांना 'इन्स्टिट्यूट्स'ची प्रत पाठवली. सर्व्हेटस यांनी समासात टीकेची टिपणं भरून ती परत केली. पुढे स्वतःच्या ग्रंथाला त्यांनी दिलेलं लॅटिन नावही कॅल्विन यांच्या पुस्तकाच्या नावाला टोला देणारं होतं.

फ्रान्समधल्या कॅथलिक न्यायालयानं सर्व्हेटस यांना पकडलं. त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यात कॅल्विन यांच्याकडून गेलेली पत्रंही होती. सर्व्हेटस तिथून निसटले, पण ऑगस्ट १५५३ मध्ये जिनिव्हात आले आणि ओळखले गेले. कॅल्विन यांच्या पुढाकारानं त्यांना अटक झाली. आरोपांची मांडणी कॅल्विन यांची होती, शिक्षा नगरपरिषदेनं दिली. जाळण्याऐवजी शिरच्छेद करावा, एवढी विनंती कॅल्विन यांनी केली. ती फेटाळली गेली. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी शहराबाहेर शाम्पेल इथे सर्व्हेटस यांना जिवंत जाळण्यात आलं.

त्या काळी युरोपात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्हीकडे पाखंडाला मृत्युदंड होता, हे खरं आहे. पण तेव्हाही सगळे गप्प बसले नव्हते. कॅल्विन यांचे जुने सहकारी सेबास्टियन कास्टेलियो यांनी श्रद्धेसाठी माणसाला मारण्याविरुद्ध ठामपणे लिहिलं. कॅल्विन यांनी मात्र शिक्षेचं समर्थन करणारं पुस्तक १५५४ मध्ये काढलं. १९०३ मध्ये कॅल्विन यांनाच मानणाऱ्या लोकांनी शाम्पेलला प्रायश्चित्ताचा दगड उभारला.

सुरुवातीचं राजाला लिहिलेलं पत्र आठवतं? छळ सोसणाऱ्यांच्या वतीनं ते लिहिणारा माणूस १७ वर्षांनी दुसऱ्या बाजूला उभा होता. आणि ते पत्र पुस्तकात तसंच राहिलं. ग्रंथ क्रमानं वाचणाऱ्याला ही विसंगती टाळता येत नाही. तिचं उत्तर त्याला पुस्तकात सापडत नाही, पण पुस्तक बाजूला ठेवूनही ती मिटत नाही.

ज्याच्यासाठी ओळखले जातात, ती शिकवण किती पानांत?

कॅल्विन म्हटलं की बहुतेकांना पूर्वनियोजन आठवतं. कोणाचं तारण होणार आणि कोणाचं नाही हे देवानं आधीच ठरवलेलं आहे, अशी ही शिकवण. ती कठोर आहे आणि कॅल्विन यांनी ती मवाळ केली नाही. पण ८० पैकी जेमतेम चार प्रकरणं या विषयावर आहेत.

ती कुठे येतात, हेही बघण्यासारखं आहे. १५३९ च्या आवृत्तीत देव जग कसं चालवतो आणि देव माणसं कशी निवडतो, हे विषय शेजारी शेजारी होते. १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत कॅल्विन यांनी ते वेगळे केले. पहिला विषय पहिल्या भागात गेला. दुसरा तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे, प्रार्थनेवरच्या प्रकरणानंतर आला. ते प्रार्थनेचं प्रकरण ५२ परिच्छेदांचं आहे. रोज चार पानांच्या हिशेबानं त्यालाच दोन आठवड्यांहून जास्त लागतात.

म्हणजे १ जानेवारीला सुरुवात केली, तर पूर्वनियोजनापाशी पोचेपर्यंत साधारण ऑगस्ट उजाडतो. तोवर वाचकानं देवाची ओळख आणि स्वतःची ओळख यांचा संबंध, दहा आज्ञा, ख्रिस्ताचं काम, पश्चात्ताप आणि प्रार्थना एवढं सगळं पार केलेलं असतं. तिथे पोचल्यावर कॅल्विन आधी सावध करतात, की नको तितकी चौकशी करणारा या विषयात वाट चुकतो. सूची बघून थेट तिथे उडी मारणाऱ्याच्या हाती फक्त सिद्धांत लागतो. क्रमानं येणाऱ्याला कळतं, की स्वतःच्या लायकीवर काहीच अवलंबून नसल्याचा दिलासा द्यायला लेखकानं तो मांडलाय. तो दिलासा पटतो की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

शेवटची आवृत्ती आणि नाव नसलेली कबर

१५५८-५९ च्या हिवाळ्यात कॅल्विन यांना उलटून उलटून येणाऱ्या थंडीतापानं धरलं. संधिवात, मूतखडा आणि डोकेदुखी आधीपासून होतीच. आपण यातून उठत नाही असं त्यांना वाटत होतं. तरी अंथरुणातून त्यांनी पुस्तकाची फेरमांडणी केली. निर्माता देव, तारणारा ख्रिस्त, ती कृपा माणसापर्यंत कशी पोचते आणि चर्च, असे चार भाग झाले. पॅरिसहून जिनिव्हाला आलेले मुद्रक रोबेर एस्तिएन यांनी १५५९ मध्ये ते छापलं. नव्या कराराची आज वापरली जाणारी वचनांची विभागणी याच एस्तिएन यांची.

मांडणी आता मनासारखी झाली, असं समाधान कॅल्विन यांना या आवृत्तीनंतरच मिळालं. त्याच वर्षी जिनिव्हात त्यांची अकादमी सुरू झाली आणि आयुष्य तिथे घालवल्यावर शहरानं त्यांना नागरिकत्व दिलं.

२७ मे १५६४ रोजी वयाच्या ५४व्या वर्षी ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे साध्या कबरस्तानात, दगड न लावता त्यांना पुरण्यात आलं. आज तिथे अंदाजानं एका जागी नावाची आद्याक्षरं असलेला छोटा दगड आहे.

मुंबईपर्यंत पोचलेला धागा

१५५० च्या दशकात जिनिव्हात राहिलेल्या निर्वासितांमध्ये जॉन नॉक्स होते. त्यांनी ही शिकवण स्कॉटलंडला नेली आणि तिथे प्रेस्बिटेरियन चर्च उभं राहिलं. १८२९ मध्ये मुंबईत आलेले जॉन विल्सन याच स्कॉटिश परंपरेतले. चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज त्यांच्या नावानं ओळखलं जातं. कोल्हापुरात काम केलेल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची वंशावळही अखेर जिनिव्हाशीच जुळते.

'इन्स्टिट्यूट्स'चं पारायण आठवड्यात उरकत नाही. वर्षभर रोज चार पानं वाचताना कधी कंटाळा येतो, कधी लेखकाच्या शिवराळ भाषेचा राग येतो, कधी एखादं प्रकरण आपल्यासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. पण इतके दिवस सोबत काढल्यावर कॅल्विन यांना संत ठरवणं अवघड जातं आणि राक्षस ठरवणंही. दोन्ही निकाल द्यायला सोपे असतात, ते पुस्तक न वाचलेल्यांना. कॅल्विन यांना स्वतःला ते पूर्ण करायला २३ वर्षं लागली. वाचकानं एक वर्ष दिलं, तर ते फार नाही.